अंजिराच्या झाडावरचं टीव्ही केंद्र

“शेपट्या, खाली उतर! पाखरांना पळवायला आलोय आपण, त्यांच्याबरोबर जेवायला नाही!”

भिंगरीने खालून दम भरला, पण ऐकतो कोण! अंजिराच्या फांदीवर बसलेल्या शेपटाच्या तोंडात एक अंजीर होतं, हातात एक होतं आणि खिशात निदान सहा होती.

सुट्टीचा तिसरा आठवडा चालू होता. भिंगरी बारा वर्षांची. ती दोन मिनिटं एका जागी बसली, तर हिला बरं नाही की काय म्हणून घरचे कपाळाला हात लावून बघायचे. तिचा नऊ वर्षांचा भाऊ ती जाईल तिथे मागोमाग जायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट. दोघं सुट्टीला आत्याआजीकडे आले होते. आत्याआजी म्हणजे त्यांच्या बाबांची आत्या. आणि तिसरा गडी शेजारचा नगारा. त्याने कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं!

बागेच्या मालकीणबाईंना सगळे अंजीरमावशी म्हणत. त्यांच्याशी मुलांचा करार अगदी सोपा होता. झाडांना चमचमत्या फिती बांधायच्या आणि त्याबद्दल पोटात मावतील तेवढी अंजिरं खायची. शेपटाने करारातला दुसरा भाग आधी उरकायला घेतला होता, एवढंच.

फीत मोठी झकास होती. बोटाएवढी रुंद, काळपट तपकिरी आणि गुळगुळीत. वाऱ्यावर हलली की उन्हात लखलखायची आणि सर्रर्र असा आवाज करायची. पाखरं लांबूनच वळसा घालून जात होती.

“लांब आहे गं ही! संपतच नाही,” नगारा फीत ओढत म्हणाला. म्हणजे गरजला.

“निघतेय तरी कशातून?” म्हणून भिंगरीने गवतात पडलेली ती विटेएवढी प्लॅस्टिकची डबी उचलली. उलटी केली आणि तिचा हात तसाच थांबला.

डबीवर पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. त्यावर शाईने लिहिलं होतं, ‘खेळमेळ, भाग ३१’.

“नगाऱ्या, हा ‘ळ’ बघ. याची शेपटी खालून पार पुढच्या अक्षरापर्यंत गेलीय.”

“माझी शेपटी?” वरून शेपटाने विचारलं.

“तुझी नाही रे! ‘ळ’ची! असा ‘ळ’ अख्ख्या जगात एकच माणूस काढतं. आपली आत्याआजी! माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या पत्रात असतो तो.”

शेपूट धपकन खाली उतरला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण तिघांनाही कालचा दिवस आठवला.

काल आत्याआजी इस्त्रीची साडी नेसून, हौसेने दप्तरखान्यात गेली होती. गावाला शंभर वर्षं झाली म्हणून येत्या रविवारी सभागृहात मोठं प्रदर्शन भरणार होतं. गावात पूर्वी एक चिमुकलं टीव्ही केंद्र होतं आणि आत्याआजी तिथे निवेदिका होती. प्रदर्शनात त्या केंद्राची निदान एखादी फीत दाखवावी, एवढंच तिला सुचवायचं होतं. तासाभराने ती परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. “दप्तरसाहेब म्हणतात, सगळ्या कॅसेटी कुलपात सुखरूप आहेत, पण काढायच्या म्हटलं तर अर्ज करा, तीन महिने थांबा. आणि मग म्हणाले, त्या जुन्या खेळण्यात कोणाला रस आहे आता!” एवढं बोलून ती आत गेली होती आणि संध्याकाळभर कोणाशी धड बोलली नव्हती. एरवी भाजीवाल्याशीही बातम्या दिल्यासारखी बोलणारी आत्याआजी!

“कुलपात सुखरूप असलेली कॅसेट अंजिराच्या झाडावर कशी चढली?” भिंगरी म्हणाली.

“पाय फुटले असतील!” शेपूट म्हणाला.

“पाय नाही, हात लागलेत कोणाचे तरी. चला!”

अंजीरमावशी शेडमध्ये मुरंब्याच्या मोठ्या बरण्या पुसत होत्या. भिंगरीने डबी पुढे धरताच त्या हसल्या. “अगं, ती होय! दप्तरखान्याच्या मागे पत्र्याची शेड आहे ना, तिथे खोकीच्या खोकी पडलीत. पहारेकरी म्हणाला, न्या हवं तर, नाहीतरी टाकायचीच आहेत. मी एकच खोकं आणलं. दहा होत्या. पाखरं कशी बिचकतात बघ!”

“मावशी, त्यात आमची आत्याआजी आहे!”

“काय?” मावशींच्या हातातलं फडकं खाली पडलं. भिंगरीने सगळं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पडला. “अगं बाई गं! म्हणजे मी खेळमेळ झाडाला टांगलं? लहानपणी त्यात मी दोरीवरच्या उड्या मारल्या होत्या! आधी त्या फिती सोडा झाडांवरून. आणि या उरलेल्या नऊ घेऊन जा. पाखरांनी खाल्ली अंजिरं तर खाऊ देत!”

दुपारी तिघं दप्तरखान्यात हजर झाले. नगाऱ्याला भिंगरीने बजावून ठेवलं होतं, “तू फक्त मान हलवायची.”

दप्तरसाहेब टेबलामागे बसून सह्या करत होते. एक कागद, एक सही, एक शिक्का. वर न बघता ते म्हणाले, “काय हवंय?”

“टीव्ही केंद्राच्या कॅसेटी बघायच्या होत्या. लांबूनच.”

“सहा नंबरच्या खोलीत आहेत. दोनशे छत्तीस. वहीत नोंद आहे, सही आहे, शिक्का आहे!”

“आणि कॅसेटी?”

“नोंद आहे म्हणजे कॅसेटी आहेतच ना!” साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “जा, उन्हात खेळा.”

‘बरं,’ म्हणून तिघं बाहेर आले आणि वळसा घालून थेट सहा नंबरच्या खोलीच्या खिडकीखाली गेले. खिडकी उंच होती. नगारा वाकला, शेपूट त्याच्या खांद्यावर चढला आणि गजांना नाक लावून बघायला लागला.

“काय दिसतंय?” भिंगरीने विचारलं.

“खुर्च्या.”

“आणि?”

“खुर्च्यांवर खुर्च्या. त्यांच्यावर आणखी खुर्च्या. निळ्या!”

“कॅसेटी?”

“एक पाल आहे. कॅसेट नाही!”

“अरे वा रे साहेब!” नगाऱ्याच्या तोंडून निसटलं, आणि तेवढ्याने कोपऱ्यावर स्टुलावर डुलक्या घेणारा पहारेकरी ताडकन उठला. आता पळायचं की थांबायचं? भिंगरी सरळ त्याच्याकडे चालत गेली.

“काका, या खोलीतलं जुनं सामान कुठे गेलं हो?”

पहारेकरी साधा माणूस होता. “प्रदर्शनासाठी दोनशे खुर्च्या आल्या, ठेवायला जागा नव्हती. मग साहेबांच्या सहीचा कागद आला, ‘निरुपयोगी सामान, चोवीस खोकी, बाहेर काढा.’ काढली. शेडमध्ये आहेत. प्लॅस्टिक वितळवायचा कारखाना आहे ना, त्यांचा ट्रक उद्या बारा वाजता येऊन नेणार.”

“वितळवणार!” तिघं एकदमच ओरडले.

पुढच्या मिनिटाला तिघं पुन्हा साहेबांच्या टेबलासमोर. भिंगरीने दम न घेता सगळं सांगितलं. साहेबांनी कागद शोधला, वाचला. बहुतेक पहिल्यांदाच वाचला. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. ते उजव्या कानाची पाळी ओढायला लागले. झाली चूक म्हणायला किती वेळ लागतो? पण काही मोठ्या माणसांच्या घशातून तो शब्द बाहेरच पडत नाही!

“दिवसाला पन्नास सह्या करतो मी,” ते शेवटी म्हणाले. “आणि तीस वर्षं पडून राहिलेल्या फिती. खराबच झाल्या असणार. काही दिसणार नाही त्यात. कारखान्याला लेखी कळवलंय, आता बदल होणार नाही.”

“पण दिसलं तर?” भिंगरीने विचारलं.

“कशावर बघणार? ते यंत्रही कुठे शिल्लक नाही! दिसलं तर दाखवा मला, ट्रक थांबवतो. उद्या बारापर्यंत. जा आता!”

बाहेर आल्यावर शेपूट रडवेला झाला. “आपण आत्याआजीला सांगूया ना.”

“इतक्यात नको,” भिंगरी म्हणाली. “काल तिचा चेहरा पाहिलास ना? हातात काहीतरी असल्याशिवाय तिच्यासमोर जायचं नाही.” आवाज खंबीर होता, पण यंत्र आणायचं कुठून?

“तारकाका!” नगाऱ्याने एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की छपरावरची कबुतरं उडाली. “माझे बाबा सांगतात, त्या केंद्राची सगळी यंत्रं तारकाकाच सांभाळायचे!”

शेडकडून येणारी अरुंद गल्ली जिथे बाजारपेठेला मिळते, त्या कोपऱ्यावर तारकाकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, तारांचं जंगलच! छतावरून तारा लोंबत होत्या, फळ्यांवर पोटं उघडलेले रेडिओ पडले होते आणि मध्ये जाड भिंगाचा चष्मा लावलेले, पांढऱ्या मिशांचे तारकाका चादर घातलेल्या एका पेटीवर बसून चहा पीत होते.

भिंगरीने कॅसेट पुढे केली. तारकाकांनी कप खाली ठेवला. कॅसेट दोन्ही हातांत घेतली, जसं कोणी तान्हं मूल घ्यावं.

“काका, हे चालवायचं यंत्र कुठे मिळेल?”

“मिळेल की,” काका उठले. “मी त्याच्यावरच बसलोय गेली तीस वर्षं!”

चादर बाजूला केली. खाली ट्रंकेएवढं करड्या रंगाचं यंत्र! मुलांनी टाळ्या पिटल्या.

“टाळ्या नंतर. आधी झाकण उघडू दे.” काकांनी पेचकस घेतला आणि हात चालू झाले तसं तोंडही चालू झालं. “बेकरीच्या वरच्या तीन खोल्या, एवढंच आमचं केंद्र. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खाली पीठ मळायचं यंत्र सुरू झालं की वर कॅमेरा थरथरायचा, मग तुमची आत्याआजी खिडकीतून ओरडायची, ‘बेकरीवाले, पाच मिनिटं थांबा, बातम्या आहेत!’”

“आणि ते थांबायचे?” शेपटाने विचारलं.

“थांबायचे! आणि बातम्या संपल्यावर वर गरम पाव पाठवायचे. आमचं प्रक्षेपण यंत्र केवढ्या ताकदीचं होतं माहितीये? दहा वॉट! तुमच्या घरातला दिवा त्याहून जास्त वीज खायचा. नदीच्या पुलापर्यंत चित्र स्वच्छ. पुलाच्या पलीकडे नुसत्या मुंग्या! पलीकडचे लोक कार्यक्रम बघायला सायकली घेऊन पुलाच्या अलीकडे यायचे.”

“काय असायचं कार्यक्रमात?” भिंगरीने विचारलं.

“हरवलं-सापडलं! कोणाची छत्री, कोणाची शेळी. एकदा तर एका आजोबांनी आपलीच कवळी हरवल्याचं सांगितलं, तेही कवळीशिवाय! एक शब्द कळला नाही कोणाला. हवामान आम्ही खिडकीबाहेर बघून सांगायचो, म्हणून ते कधी चुकलं नाही! आणि दर शनिवारी खेळमेळ. त्या अकरा वर्षांत गावातलं एक पोर असं नव्हतं जे पडद्यावर आलं नाही. पूर आला तेव्हा तुमची आत्याआजी सलग दीड दिवस कॅमेऱ्यासमोर बसून होती. कुठल्या गल्लीत पाणी चढलंय, होडी कुठे लागलीय, सगळं सांगत. शेवटी आवाज बसला, तर पाट्यांवर लिहून दाखवायला लागली!”

“मग बंद का पडलं?”

काकांचा पेचकस थांबला. “परवाना दरवर्षी नवा करावा लागायचा. एका वर्षी तो अर्ज कोणाच्या तरी टेबलावर फायलीखाली राहून गेला. तारीख उलटली. वाद घालता आला असता, पण तोवर घरोघरी मोठमोठ्या वाहिन्या आल्या होत्या. लोक म्हणाले, जाऊ दे. आणि आम्हीही म्हणालो, जाऊ दे. चूकच केली.” त्यांनी यंत्रात डोकावून पाहिलं आणि ते चुकचुकले. “अरेरे! पट्टा गेला. हा रबरी पट्टा तुटला की आतली चाकं फिरत नाहीत. असला पट्टा आता कुठेच मिळत नाही.”

नगाऱ्याने कपाळावर हात मारला.

“माझ्या चड्डीचं इलॅस्टिक चालेल?” शेपटाने गंभीरपणे विचारलं.

“आणि तू कशावर चालशील?” भिंगरीला हसू आवरेना. पण शेपटाने आतून इलॅस्टिक ओढून काढलंच, आणि काकांनीही ते गाठ मारून लावून पाहिलं! यंत्राने दोन गचके दिले, गाठ अडकली, इलॅस्टिक टणकन उडून काकांच्या मिशीवर बसलं. शेपूट दोन्ही हातांनी चड्डी धरून उभा! हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

हसता हसता भिंगरी थबकली. “काका, पट्टा गोल हवा, बिनगाठीचा हवा, चपटा हवा आणि एवढा मोठा हवा. बरोबर? मग मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखालचं रबर?”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “पोरी, आण तर खरं!”

भिंगरी जी सुटली ती बागेतच थांबली. अंजीरमावशींनी ऐकलं मात्र, एक सोडून पाच बरण्यांची रबरं काढून दिली. “लहान-मोठी सगळी ने. मुरंब्याला मुंग्या लागल्या तरी चालेल!”

तिसरं रबर बसलं. अगदी जिथल्या तिथे! पण तोवर दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती. काका म्हणाले, “बाकी सफाई सकाळी. आठला या.”

गुरुवारी सकाळी आठच्या ठोक्याला मुलं दुकानात हजर झाली. काकांनी यंत्राची आतली चाकं स्पिरिटने पुसली, दर्शनी खिडकीतल्या मोठ्या टीव्हीला वायर जोडली आणि पहिली कॅसेट आत सरकवली. घर्रर्र... पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“चाकं पुन्हा माखली. जुनी फीत रंग सोडते,” म्हणत काकांनी सगळं परत पुसलं. दुसरी कॅसेट. पुन्हा मुंग्या! दहा वाजले. पुन्हा सफाई. साडेदहा. भिंगरीला नखं खायची सवय नव्हती, ती आज लागली.

एवढ्यात गल्लीतून शेपूट धापा टाकत आला. त्याला शेडवर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. “ताई, ट्रक आला! बारा वाजायच्या आधीच आला! खोकी चढवायला लागलेत! ड्रायव्हर म्हणतो, अर्ध्या तासात निघतो!”

“साहेबांनी बाराची वेळ दिली होती!” नगारा संतापला.

“ड्रायव्हरला कुठे माहितीये ते!” भिंगरीचं डोकं गरगर फिरायला लागलं. ट्रकसमोर आडवं पडायचं? छे! ट्रक जाणार कुठून? गल्लीला दुसरं तोंडच नव्हतं. तो याच कोपऱ्यावरून, याच दुकानासमोरून बाहेर पडणार...

“नगाऱ्या!” तिने त्याचे खांदे धरले. “आयुष्यभर तुला सगळे म्हणाले, हळू बोल. आज बोल रे बाबा, पाहिजे तेवढ्या जोरात!”

नगाऱ्याने छाती भरून श्वास घेतला. दुकानाच्या पायरीवर चढला आणि असा काही दणाणला, की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

“या हो या! तीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं आपलं टीव्ही केंद्र पुन्हा दिसणार! आत्ता! इथे! लहानपणी टीव्हीवर आलेल्यांनी स्वतःला बघायला या! न आलेल्यांनी दुसऱ्यांना हसायला या!”

बाजारपेठ जागची हलली! न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट आला. शिंपी गळ्यात टेप अडकवून आला. फळवाल्या आल्या, बेकरीवाले पिठाच्या हातांनी आले, अंजीरमावशी तर रिकामी बरणी काखेत घेऊनच आल्या. दहा मिनिटांत कोपऱ्यावर मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

ट्रक गल्लीतून आला आणि थांबला. भोंगा वाजवला. कोणी हललं नाही. पुन्हा वाजवला. शेवटी ड्रायव्हरच खाली उतरला आणि टाचा उंचावून विचारायला लागला, “काय आहे हो? मलाही दिसू द्या की!”

भोंगा ऐकून दप्तरसाहेब धावत आले. “रस्ता कोणी अडवला? काय तमाशा आहे हा?”

“साहेब, अकरा वाजताहेत,” भिंगरी म्हणाली. “आमच्याकडे अजून एक तास आहे. तुम्हीच दिलाय!” ती मनात मात्र म्हणत होती, काका, लवकर, लवकर!

तारकाकांनी तिसरी कॅसेट घातली. घर्रर्र. मुंग्या. मुंग्या. आडव्या रेघा. साहेब म्हणाले, “बघा, मी म्हटलं नव्हतं...”

आणि पडदा उजळला!

चित्र जरा थरथरत होतं, कडा हिरवट होत्या, पण एक हसरी तरुणी कॅमेऱ्यात बघत होती. दोन वेण्या, टपोरे डोळे. “नमस्कार मुलांनो! शनिवार आला, खेळमेळ आला!”

“आत्याआजी!” शेपूट किंचाळला. “तिला वेण्या होत्या!”

गर्दीत हास्याची लाट उठली. आणि पुढचं सगळं एका दमात झालं. “अरे, तो बघ, तो टोपीवाला मी!” “ती माझी ताई!” “बेकरीवाले, तेव्हा केस होते की तुम्हाला!” पडद्यावर दहा-बारा मुलं दाटीवाटीने बाकांवर बसली होती. निवेदिका एका सात वर्षांच्या मुलापाशी आली. मोठी कॉलर, तेलाने चापून बसवलेला भांग. “हा आपल्या टपालमास्तरांचा धाकटा. काय रे, या पेटीत काय आणलंयस?”

मुलगा उजव्या कानाची पाळी ओढत म्हणाला, “काड्यापेट्यांवरची चित्रं. चारशे बारा. एकही हरवलं नाही. मी काहीच फेकत नाही!”

“काहीच नाही? मोठा झालास की काय करशील?”

“सगळ्यांच्या जुन्या वस्तू जपून ठेवीन!”

गर्दीतली सगळी डोकी एकाच वेळी वळली. दप्तरसाहेब उभे होते, आणि त्यांचा हात उजव्या कानाच्या पाळीवर होता!

शिंपी फिस्सकन हसला. मग न्हावी. मग सगळी बाजारपेठ! भिंगरीही हसणार होती, पण तिचं लक्ष साहेबांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती थांबली. पडद्यावर मुलाच्या मागे, गादी ठोकलेल्या भिंतीपाशी खाकी कपड्यांतला एक उंच माणूस उभा होता. तो मुलाकडे बघून हात हलवत होता आणि अभिमानाने हसत होता. साहेब त्याच्याकडेच बघत होते.

“माझे वडील,” ते हळूच म्हणाले. “जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा हसतानाचा एकही फोटो नाही आमच्याकडे.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ट्रककडे वळले. “ड्रायव्हरसाहेब, खोकी उतरवा. सगळी. हलक्या हाताने! चूक माझी आहे, कारखान्याला मी सांगतो.” आणि भिंगरीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “न वाचता सही केली मी. तू नसतीस तर उद्या यांच्या बादल्या झाल्या असत्या.”

“मी एकटी नाही,” भिंगरी म्हणाली. “आम्ही तिघं. आणि तारकाका. आणि मावशींच्या बरण्या!”

गर्दीच्या मागे अचानक वाट मोकळी झाली. हातात भाजीची पिशवी घेतलेली आत्याआजी तिथे उभी होती. भाजी घ्यायला निघाली आणि रस्त्यात तिला तिचाच तरुण आवाज ऐकू आला! ती खिडकीपर्यंत आली. पडद्यावरची दोन वेण्यांची मुलगी हसत होती आणि काचेत पांढऱ्या केसांची आत्याआजी. सगळे आवाज न करता मागे सरकले. नगारासुद्धा!

“तारमास्तर,” ती शेवटी म्हणाली, “आवाज जरा कमी करा हो. तेव्हाही तुम्ही मोठाच ठेवायचात.”

“तेव्हाही तुम्ही असंच ओरडायचात!” काका म्हणाले, आणि दोघंही डोळे पुसत हसत सुटले.

भिंगरीने धावत जाऊन तिला मिठी मारली. “तुला आधी नाही सांगितलं, रागावलीस?”

“रागावले तर आहेच,” आत्याआजी म्हणाली. “एवढी मजा केलीत, आणि मला सोडून!”

रविवारी सभागृहात दोनशे निळ्या खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक खिडक्यांत बसले, जिन्यात बसले. तीन दिवस राबून तारकाकांनी एकवीस कॅसेटी चालत्या केल्या होत्या. पुराच्या दीड दिवसातला एक भाग दाखवला तेव्हा लोक पुढे सरकून बसले. पडद्यावर आवाज बसलेली आत्याआजी पाटी धरून उभी होती, ‘होडी शाळेपाशी येते आहे. घाबरू नका.’ त्या होडीतून आलेली एक बाई उठून नुसती टाळ्या वाजवायला लागली आणि मग सगळेच उठले. पडद्यावर कवळीवाले आजोबा आले तेव्हा मात्र हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरले.

शेवटी दप्तरसाहेब मंचावर आले. हातात कागद नव्हता. “ज्या वस्तू जपायची जबाबदारी माझी होती, त्या तीन मुलांनी जपल्या,” ते म्हणाले. “सहा नंबरची खोली आजपासून पुन्हा कॅसेटींची. खुर्च्या माझ्या दालनात राहतील.” मग त्यांनी नगाऱ्यासमोर माईक धरला. नगारा म्हणाला, “मला लागत नाही!” आणि ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

तारकाकांनी तिघांच्या पाठीवर एकेक थाप मारली. “आम्ही मोठी माणसं ‘जाऊ दे’ म्हणालो होतो. तुम्ही म्हणाला नाहीत. शाब्बास रे, पोरांनो!”

सोमवारी सकाळी भिंगरीला जाग आली ती दारातल्या गलक्याने. अंगणात रांग लागली होती. गावातले लोक होते, पुलापलीकडचेही. कोणाला आईचा आवाज शोधायचा होता, कोणाला आपली शेळी सापडलेला भाग. आत्याआजी टेबल-खुर्ची टाकून दारातच बसली होती. पुढ्यात जाडजूड वही, डोळ्यांवर चष्मा.

“एकेकाने या! गडबड नको! वर्ष सांगा, कार्यक्रम सांगा, आणि पडद्यावर शेजारी कोण बसलं होतं तेही सांगा, मला सगळ्यांची नावं लिहायची आहेत!” मग मागे वळून तिने हाक मारली, “भिंगरे, उभी काय राहिलीस? दुसरी वही आण! शेपट्या, खुर्च्या आण! नगाऱ्या, तू रांगेला आवाज दे! तुमच्यासारखी माणसं तेव्हा माझ्याकडे असती ना, तर केंद्र बंद करायची कोणाची छाती झाली नसती!”

आणि तिघं धावले.